सहीचा रकाना

४ जून

ती. ताईस नमस्कार,

मुंगीची आई गेली त्या सकाळी मी पाच वाजता घरातून निघालो. त्याआधी तोंड धुतलं, देवापुढे बसलो, मुंगीच्या आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ती शांत झोपली होती. मुंगी खुर्चीत बसल्या बसल्याच टेबलावर डोकं टेकून झोपली होती, तिला उठवलं नाही. दार हळूच ओढून घेतलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिका शिवायच्या होत्या आणि त्या न्यायला गाडी सातला येणार होती. दुपारी बाराच्या सुमाराला शेजारच्या शिंपीणबाई बाइंडिंगच्या कारखान्यात मला बोलवायला आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी हातातली सुई खाली ठेवली. एवढंच.

तुला तेव्हा रजा मिळाली नाही. त्यानंतर तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी नुसता हो हो करत राहतो, म्हणून लिहितोय. आणि खरं म्हणजे तुझ्याकडे काम आहे.

आपली मुंगी अठरा वर्षांची झाली. तूच तिला ते नाव ठेवलंस, सारखी काहीतरी ओढून नेत असते म्हणून. आता तिला विद्यापीठात नर्सिंगची पदवी घ्यायची आहे. फॉर्मबरोबर सूचनांची आठ पानं आली आहेत. बारावीला विज्ञान हवं, जीवशास्त्र आणि रसायनात पन्नास टक्के हवेत. तिला अडुसष्ट आहेत. तंदुरुस्तीचा दाखला झाला, छातीचा फोटो झाला, काविळीची लस चालू आहे. चारित्र्याच्या दाखल्यासाठी चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, "मुलीच्या नावावर काही आहे का?" मी म्हटलं, "एक सायकल आहे." तो हसला आणि शिक्का मारला.

अडलंय ते सहाव्या अटीवर. अर्जदाराने दोनशे तास प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेली हवी. घरच्या माणसाची केलेली चालते, पण रोजची नोंद हवी, आणि नोंदणी असलेल्या नर्सने ती तपासून सही केलेली हवी. मी खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, "मुलीची आत्या नर्स आहे, तिची सही चालेल का?" तो मान वर न करता म्हणाला, "आम्ही नातं विचारत नाही काका, नोंदणी क्रमांक विचारतो."

सातवी अट एका निवेदनाची आहे. सेवा करताना आपल्या हातून झालेली एक चूक स्वतःच्या अक्षरात लिहायची. ते मुंगीचं काम. शेवटची तारीख ३१ जुलै.

तुझा,
धाकटा


१३ जून

धाकट्या,

तुझ्या पत्राला अजून खळीचा वास येतो. वॉर्डातल्या मुली विचारत होत्या, सिस्टर, कोणाचं पत्र? म्हटलं, माझ्या भावाचं, तो पत्रसुद्धा चिकटवूनच पाठवतो.

मुंगीने आईच्या औषधपाण्याची ठेवलेली वही पाठव. रकाने मीच फोनवर सांगितले होते, आठवतं? वेळ, काय दिलं, किती, बाटलीत शिल्लक, सही. तू ती दोऱ्याने शिवून, पुठ्ठा घालून, पानांवर आकडे टाकून केलीस, आणि मुंगीने मला फोनवर ऐकवलं, "आत्या, बाबांनी वहीला फीतसुद्धा लावलीय." माझ्या वॉर्डात तीस वर्षांत अशी वही आली नाही. तिला मी तेव्हाच सांगितलं होतं की रकाना रिकामा ठेवायचा नाही. आमच्याकडे ज्याची नोंद नाही ते औषध दिलंच गेलं नाही, असं पुढच्या पाळीची नर्स धरून चालते. ती विचारत बसत नाही, देऊन मोकळी होते.

मुंगीला माझ्याकडून एक सांग. हे काम चांगलं आहे, पण गोड नाही. पहिल्या वर्षी ती जेवणावरून उठेल. तिसऱ्या वर्षी कोणीतरी तिच्या हातात जाईल आणि तिला पुढच्या खाटेकडे वळावं लागेल. तेही तिने आईच्या वेळी पाहिलंच आहे म्हणा. सतरा वर्षांच्या पोरीने चार महिने एकटीने आईला कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. मी इथे परक्यांचं करत होते. ते मी कोणाच्या वहीत मांडू?

त्या सकाळचं लिहिलंस, बरं केलंस. झोपेत गेली हे ऐकून मला जरा शांत वाटलं.

ताई


२२ जून

ती. ताईस नमस्कार,

वही आजच पाठवली. मेणकापडात गुंडाळली आहे. आतलं पान सुटणार नाही, शिवण माझी आहे.

घरी सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो. मुंगी निवेदनावर अडली आहे. रोज टेबलाशी बसते. मी कारखान्यातून कापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणतो, त्यांवर लिहिते आणि चुरगाळते. परवा मी थट्टेने म्हटलं, "काय गं, एक चूक सापडत नाही? बापाच्या शंभर सांगतो, त्यातली एक उचल."

ती म्हणाली, "तुमची चालत नाही, बाबा. स्वतःची लागते."

जेवण कमी झालंय. सकाळी सहाच्या आधी गजर न लावता उठते आणि आईच्या खाटेजवळच्या खुर्चीत जाऊन बसते. खाट आम्ही अजून काढलेली नाही. मला वाटतं, परीक्षेच्या अभ्यासाची सवय राहिली असेल. तुझ्या सहीचं पान आलं की तिला धीर येईल.

धाकटा


३ जुलै

धाकट्या,

हे पत्र एकट्याने वाच. मुंगीच्या हाती लागू देऊ नकोस.

वही दोन रात्रपाळ्यांत वाचून काढली. चारशे बारा तास भरतात, अटीच्या दुपटीहून जास्त. पाठीला कधी तेल लावलं, लघवी किती झाली, कुठल्या कुशीवर किती वाजता वळवलं, सगळं आहे. एका ठिकाणी लिहिलंय, "आई हसली. कशाला ते कळलं नाही." असला रकाना मी सांगितला नव्हता.

पण शेवटचं पान. वेदनेचं पातळ औषध सहा सहा तासांनी, दर वेळी पाच मिली. रात्री बारा वाजता दिलं, बाटलीत शिल्लक साठ. सकाळी सहा वाजता दिलं, शिल्लक पन्नास. ती पंचावन्न हवी होती. चार महिन्यांत हिशेब एकदाही चुकलेला नाही, आणि चुकला तो नेमका त्या सकाळी.

सांडलं का? सांडलं असेल तर तसं सांग, म्हणजे विषय मिटला. नाहीतर मला एकच सुचतं: पोर दोन रात्रींची जागी होती, झोपेच्या गुंगीत तिने दोनदा दिलं असेल आणि तिला ते ठाऊकही नसेल. तिला विचारू नकोस. एका जादा मात्रेने वहिनी गेली की आजाराने, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. तिचे दिवस तसेही थोडेच उरले होते. हे मी नर्स म्हणून लिहितेय, नणंद म्हणून मी दोन दिवस जेवले नाही.

तास भरलेले आहेत. शेवटचं पान जोडायची गरज नाही. मी तोंड उघडणार नाही.

ताई


१० जुलै

ती. ताईस नमस्कार,

पत्र पोचलं. कारखान्यात, मोठ्या कटिंग मशीनच्या मागे उभा राहून वाचलं. तू म्हणतेस तसं सांडलंच असेल. मुंगीचे हात कापायचे तेव्हा. सांडलंच असणार.

दुसरं वाईट आहे. मुंगी फॉर्म भरत नाही म्हणते. काल सकाळी केर काढताना खाटेखाली कागदाची पट्टी सापडली. तुला उतरवून पाठवतो: "माझ्या हातून झालेली चूक अशी, की मी आईला सकाळी सहा वाजता औषध दिलं त्याआधीही एकदा दिलं होतं. मला ते आठवत नाही. झोपेत दिलं असणार. बाटलीवरून कळतं. हे मला आई गेल्यावर पाचव्या दिवशी कळलं आणि मी कोणाला सांगितलं नाही. यावरून मी शिकले की." तिथे पट्टी संपते.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "फॉर्म झाला का भरून?"

"भरणार नाही."

"का गं?"

"ज्याच्या हातात बाटली द्यायची त्याची झोप तरी भरवशाची हवी, बाबा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का. आईची वेळ भरली होती. देवाची इच्छा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "देवाने ओतलं का?"

 डब्यांना लेबलं लावायच्या कारखान्यात तिने काम विचारलं आहे. एक तारखेपासून ये म्हणालेत. ताई, तू तिला समजाव. तुझं ती ऐकेल. दुसरी एखादी चूक लिही म्हणावं, पाणी सांडलं, चादर बदलायला उशीर झाला, काहीही. तू मोठी आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे.

धाकटा


१७ जुलै

धाकट्या,

वही परत पाठवतेय. प्रत्येक पानावर सही आणि नोंदणी क्रमांक घातला आहे. शेवटच्या पानावर घातलेला नाही. ते पान पुरं झालेलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मुंगीला लिहायला बसले होते. काय समजवावं ते सुचेना, म्हणून पुन्हा वही उघडली. शेवटच्या सकाळच्या आधीचे तीस दिवस वाचले. रोज एकच ओळ आहे: "पहाटे चारनंतर कण्हते. सहापर्यंत दम निघत नाही." तीस दिवस. मग तुझं पहिलं पत्र काढलं. त्यात तू लिहिलंयस की पाच वाजता निघालास तेव्हा ती शांत झोपली होती.

त्या एकाच पहाटे ती शांत कशी, धाकट्या?

मला उत्तर पाठवू नकोस. उत्तर मला नको आहे, ज्याला हवंय ते माणूस तुझ्याच घरात रोज सहाच्या आधी उठून खुर्चीत बसतं. आणि ते जादा औषध मी तिच्या नावावर घातलं, तिला न विचारता. तू मला घालू दिलंस. दोन ओळींत "सांडलंच" लिहिलंस, दोनदा. लहानपणापासून तू खोटं बोललास की दोनदा बोलतोस.

फक्त कामाचं सांगते. राहून गेलेली नोंद मागाहून करता येते. जुन्या ओळींच्या मध्ये ती कोंबायची नाही आणि काही खोडायचं नाही. खाली, आजची तारीख घालून, उशिरा केलेली नोंद असं स्पष्ट लिहून करायची. मी माझ्या नोकरीत अशा तीन केल्या. तिसरीनंतर सहा महिने मला औषधाच्या कपाटाची किल्ली मिळाली नाही. पण त्या किल्लीसाठी मी माझी चूक दुसऱ्या कोणाच्या माथी मारली नाही.

३१ तारीख लक्षात ठेव.

ताई


२८ जुलै

ती. ताईस नमस्कार,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितोय. आधी तुला हवं ते सांगतो. फॉर्म काल खिडकीवर गेला. मुंगी एकटी गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही. लेबलांच्या कारखान्यात नाही म्हणून सांगितलं आहे. वसतिगृहासाठीही अर्ज केलाय. सुट्टीत तुझ्याकडे येऊ का, असं ती तुला स्वतः विचारणार आहे. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. भाकरी वाढते, पाणी ठेवते, समोर बसत नाही.

आता ती पहाट.

साडेचारला मी उठलो तेव्हा मुंगीची आई उशी चावत होती. मुंगी टेबलावर झोपली होती, गालाखाली वही, हातात पेन. दोन रात्री तिने डोळा मिटला नव्हता. मी बाटली घेतली, मुंगीसारखंच झाकणात पाच मिली मापलं आणि तिच्या आईला दिलं. हळूहळू तिची मूठ सुटली. मला इतकं हलकं वाटलं, ताई. चार महिने मी पैसे आणत होतो, पाणी तापवत होतो, पण तिचं दुखणं माझ्या हाताने थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या समाधानातच देवापुढे बसलो. एरवी मी काही मागतो, त्या दिवशी नुसतं बरं वाटून बसलो होतो.

लिहायचं तर वही मुंगीच्या गालाखाली. ओढली असती तर उठली असती. म्हटलं, उठवत नाही, सहाला कारखान्यातून फोन करू. शिंपीणबाईंच्या फोनवर करता आला असता. सहाला शिलाईच्या मशीनचा दोरा तुटत होता आणि मालक डोक्यावर उभा होता. साडेसातला आठवलं. ताई, साडेसातला मला आठवलं. मी फोनपर्यंत गेलो. मग मनात आलं, आता तिने दिलं असेल तर दिलंच असेल, उगाच पोर घाबरेल. बाटली पाहून कळलं असेल तिला. एका मात्रेने काय होतं. असं म्हणून मी परत जागेवर येऊन बसलो आणि बारापर्यंत शंभरावर वह्या शिवल्या.

रात्री शेजारचे गेल्यावर वही उघडून पाहिली. साठ, पन्नास. मिटली आणि फीत नीट आत घातली. मुंगीने ते पाहिलं नसेल असं आठ महिने धरून चाललो. ती पाहते हे मला ठाऊक होतं. तीच पाहायची ना सगळं. तेव्हापासून देवापुढे बसतो, पण बोलायला काही राहिलेलं नाही. तो काही विचारत नाही, हीच एक शिक्षा.

तुझं पत्र आल्यावर मी सहा दिवस घेतले. ते तुला कळायला हवे म्हणून लिहितोय. रोज सहाला ती खुर्चीत बसायची आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडायचो.

परवा, रविवारी, तिच्या आधी उठलो. टेबल पुसलं. वही उघडली. आपले गावचे गुरुजी सांगायचे ते आठवलं का तुला? चुकलेलं खरवडून काढू नका, वर एक रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे. मला तर रेघसुद्धा मारायची नव्हती. तू सांगितलंस तसं खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: उशिरा केलेली नोंद. पहाटे साडेचार. वेदनेचं औषध. पाच मिली. शिल्लक पंचावन्न. हे मी दिलं आणि कोणाला सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या बांधल्या, त्यांतल्या एकाही पानावर माझं अक्षर नाही. 

पावणेसहाला ती आली. मी खुर्चीतून उठलो आणि वही तिच्यापुढे सरकवली. तोंडाने सांगायला गेलो तर ती म्हणाली, "थांबा, वाचू द्या."

तिने एकदा वाचलं. मग वरच्या दोन ओळींवर बोट नेलं, पुन्हा खाली आणलं.

"साडेचार नक्की?"

"नक्की. घड्याळ पाहिलं होतं."

"म्हणजे दीड तास." तिने मनाशी काहीतरी मोजलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "बाबा, आठ महिने."

  मला वाटलं ती रडेल, ओरडेल, वही फेकेल. यांतलं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग ती म्हणाली, "माझी चूक आहेच. शिल्लक लिहिली, वरच्या ओळीशी ताडली नाही. ताडली असती तर आईला हलवून पाहिलं असतं, डॉक्टरांना बोलावलं असतं. निवेदनात तेवढीच लिहीन. तुमची लिहिणार नाही."

मी म्हटलं, "लिही. माझी पण लिही."

"ती तुमची आहे," ती म्हणाली. मग वही माझ्याकडे फिरवली, शेवटच्या ओळीच्या टोकाशी बोट ठेवलं आणि मला पेन दिलं. "इथे सही राहिली."

मी सही केली.

तुझा,
धाकटा